यकृताचा आजार असताना सांधेदुखी कशी सांभाळावी

"लिव्हर खराब आहे, म्हणून पॅरासिटामॉलला हात लावत नाही. गुडघा धरला की साधी पेनकिलर घेतो." गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही फार्मसीच्या काउंटरवर हे ऐकू येईल, आणि यात सगळंच उलटं आहे. जिची भीती वाटते ती गोळी मापात घेतली तर बहुतेक यकृतरुग्णांना चालते. जी 'साधी' म्हणून पोटात जाते, ती सिरॉसिसच्या (यकृत कडक होऊन आकसण्याच्या आजाराच्या) रुग्णाला इस्पितळात पोचवू शकते. म्हणून गोळी कुठली हे विचारण्याआधी दोन कामं उरकून घ्या.

१. यकृत कुठल्या टप्प्यावर आहे ते विचारा

सोनोग्राफीत सहज दिसलेली चरबी वेगळी आणि पोटात पाणी झालेला सिरॉसिस वेगळा. दोघांना औषधाचा हिशेब सारखा लागत नाही. एसजीपीटी (यकृताची इजा दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, सिरॉसिसमध्येही ते नॉर्मल येऊ शकतं. यकृत किती काम करतंय हे बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि आयएनआर (रक्त गोठण्याचं माप) या रक्ततपासण्यांवरून कळतं. डॉक्टरांना सरळ विचारा: मला सिरॉसिस आहे का? असला तर चाइल्ड-प्यूच्या (सिरॉसिस किती गंभीर हे मोजणाऱ्या पद्धतीच्या) ए, बी, सी यांपैकी कुठल्या गटात? मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन कितीवर आहे? उत्तरं चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. हाडांचे डॉक्टर, दातांचे डॉक्टर, फार्मसी, जिथे जाल तिथे आधी ती चिठ्ठी दाखवायची. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) एका विभागातून दुसऱ्यात जातानाही ती हातात असू द्या. गर्दीच्या ओपीडीत हाडांच्या डॉक्टरांनी तुमची पोटाची फाईल वाचलेली असेलच असं नाही.

२. सांधा कशाने दुखतोय ते शोधा

बहुतेकदा ती वयाची झीजच असते, पण गृहीत धरू नका. हिपॅटायटिस बी आणि सी या दोन्हींत सांधे दुखू शकतात, आणि सी तर आता बहुतेकांचा गोळ्यांच्या काही आठवड्यांच्या कोर्सने पूर्ण बरा होतो. मूळ आजार गेला तर पेनकिलरची गरजच उरणार नाही असंही होऊ शकतं. तर्जनी आणि मधलं बोट यांच्या मुळाशी दुखत असेल, सोबत मधुमेहही असेल, तर फेरिटिन (लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी) तपासून घ्यावं. शरीरात लोह साठण्याच्या आजारात नेमके हेच सांधे धरतात. रात्रीतून पायाचा अंगठा लाल होऊन सुजला तर गाऊटचा (युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या संधिवाताचा) संशय घ्यावा.

पावसाळ्यात ताप येऊन अंग मोडून गेलं की लोक चिकनगुनिया म्हणून मोकळे होतात. डेंग्यू नाही हे रक्ततपासणीत ठरेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरी दुखण्याची गोळी घेऊ नका. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट किंवा लेफ्लुनोमाइड चालू असेल तर यकृताच्या डॉक्टरांना ते माहीत हवं. मनाने मात्र बंद करू नका.

३. पॅरासिटामॉल मोजून घ्या

सिरॉसिस असलेल्याने २४ तासांत २ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ४ गोळ्या, किंवा ६५०च्या ३. दोन गोळ्यांमध्ये सहा ते आठ तास जाऊ द्यावेत. वजन फार कमी असेल, जेवण जात नसेल किंवा दारू सुटलेली नसेल, तर मर्यादा याहूनही खाली येते, आणि ती डॉक्टरांनीच ठरवावी. नुसती फॅटी लिव्हर असली तरी रोज घ्यायची वेळ येत असेल तर विचारूनच घ्या.

उपाशीपणी ही गोळी जड का पडते? पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात विषारी पदार्थात बदलतो. त्याला निकामी करणारा ग्लुटाथायोन नावाचा साठा उपासमारीने आणि दारूने आटतो. तेव्हा एकादशीचा कडक उपास आणि दिवसभर गोळ्या हा मेळ नको. सिरॉसिस असेल तर उपास मुळात करूच नये असं माझं मत. देव समजून घेईल, उपासाने झिजणारे स्नायू घेणार नाहीत.

खरा घोटाळा होतो तो लपलेल्या पॅरासिटामॉलमुळे. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत ते असतं. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेनसोबत ३२५ मिलिग्रॅम असतं, झेरोडॉल-पीमध्ये असेक्लोफिनॅकसोबत तेवढंच. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घ्या, चष्मा लागला तरी चालेल. चुकून जास्त गोळ्या गेल्या तर बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका, कारण पहिल्या दिवशी अनेकदा काहीच जाणवत नाही. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो.

४. या गोळ्यांपासून लांब राहा

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन, निमेसुलाइड, इटोरिकॉक्सिब. सिरॉसिसमध्ये मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा शरीर कसाबसा टिकवून धरतं, आणि ज्या रसायनांच्या जोरावर तो टिकतो तीच या गोळ्या अडवतात. मग लघवी कमी होते, पोटातलं पाणी वाढतं, पाणी काढणाऱ्या गोळ्या चालेनाशा होतात. अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असतील तर रक्तस्रावाचीही धास्ती. डायक्लोफिनॅक आणि निमेसुलाइड यांपैकी कुठलीही क्वचित यकृतालाच इजा करते. इटोरिकॉक्सिब पोटाला सौम्य म्हणून दिली जाते, पण मूत्रपिंडाला ती सौम्य नाही.

'गोळी नको, एक इंजेक्शन द्या' यानेही काही साधत नाही. सुईतून तेच डायक्लोफिनॅक जातं, वर रक्त उशिरा गोठणाऱ्याला टोचल्या जागी गाठ येते.

ट्रॅमाडॉल आणि कोडीनने गुंगी येते आणि पोट साफ होत नाही. सिरॉसिसमध्ये बद्धकोष्ठता म्हणजे अमोनिया मेंदूपर्यंत पोचायला मोकळी वाट. विशेषज्ञाने लिहून दिल्याशिवाय नकोच.

५. बाहेरून उपाय करा

डायक्लोफिनॅक जेलमधलं औषध रक्तात थोडंच उतरतं. त्यामुळे यकृत सावरलेलं असेल तर गुडघ्याला किंवा बोटांना लावण्याची परवानगी बऱ्याचदा मिळते. पोटात पाणी असेल किंवा क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर आधी विचारा. फेणी चोळण्याचा घरगुती उपाय आहेच. कातडी फाटलेली नसेल तर बाहेरून चोळायला माझी हरकत नाही, बाटली फक्त तिथेच थांबली पाहिजे.

जुन्या दुखण्याला शेक, ताज्या सुजेला बर्फ, दोन्ही फडक्यात गुंडाळून. खुर्चीत बसून पाय सरळ करा, पाचपर्यंत मोजा, खाली आणा, असं दहादा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरायची असते, बहुतेकजण उलटी धरतात. आदोळीवर बसून नारळ किसणं सोडा आणि टेबलाला लावायची किसणी आणा. चवथीला आरतीला खुर्चीवर बसलात तर कोणी काही म्हणत नाही.

मे महिन्यात सांध्यांसाठी समुद्रात डुंबायची आपल्याकडे जुनी रीत आहे. पाण्यात हालचाल सोपी होते हे खरंच. पण सिरॉसिस असेल आणि पायाला जखम, चीर, काहीही असेल तर समुद्रात उतरू नका. कोमट खाऱ्या पाण्यातला व्हिब्रिओ नावाचा जंतू अशा माणसाच्या जिवावर उठू शकतो. याच कारणाने काल्वां, शिनाणे, तिसऱ्या कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या खायच्या नाहीत.

६. पुड्या आणि काढे

मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते, कारण ही औषधं डॉक्टरांना कोणी सांगत नाही. गुळवेल, अश्वगंधा आणि हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. हुमणातली (माशांच्या आमटीतली) हळद वेगळी, तिला कोणी अडवत नाही. लेबल नसलेल्या पुडीने दोन दिवसांत गुडघा चालू लागला तर आत स्टेरॉइड असल्याचा दाट संशय घ्या. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम थांबवू नका, घेऊन थेट डॉक्टरांकडे जा.

७. ताट आणि पेला

पोटात पाणी असेल तर मीठ कमी: सुकं खारं, पारा (सुक्या मासळीचं लोणचं), लोणचं, पापड बाजूला. प्रथिनं मात्र कमी करू नका. ताजी मासळी, अंडी, डाळ, दूध हवंच, कारण स्नायू झिजले की सांधे आणखी दुखतात. झोपण्यापूर्वी थोडं काही खाल्लेलं बरं. जाड असाल आणि आजार फॅटी लिव्हरचाच असेल, तर हळूहळू घटवलेल्या वजनाचा फायदा गुडघा आणि यकृत दोघांनाही होतो. उर्राकाचा (काजूच्या हलक्या दारूचा) हंगाम दरवर्षी येतो. यकृताच्या रुग्णासाठी त्यात थोडी चालते असं माप नाही.

थांबू नये अशी वेळ

सांधा लाल, गरम होऊन ताप आला. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली. डोळे पिवळे झाले. लघवी एकदम कमी झाली. किंवा बोलण्यात गोंधळ होऊ लागला, तर १०८ला फोन करा. निघताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप, रिकाम्या झालेल्यासुद्धा, आणि पुड्यांचे कागद एका पिशवीत घालून सोबत न्या.