रेसच्या छोट्या गाडीत इंजिन बदलताना : कोल्हापुरात बसून अंदाजपत्रक कसे मांडावे

सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर पळवण्यासाठी ठेवलेल्या मारुतीच्या जुन्या झेनमध्ये त्याच कंपनीच्या एस्टीमचे इंजिन बसवायचे ठरले, की बहुतेक जण पहिला फोन करतात तो इंजिनाची किंमत विचारायला, आणि अंदाजपत्रक तिथेच बिघडते. इंजिनाचा आकडा कळला म्हणजे कामाचा आकडा कळला असे वाटू लागते; प्रत्यक्षात तो पूर्ण खर्चाचा लहानसा भाग असतो. माझ्या मते अंदाजपत्रक दुसऱ्या टोकाकडून लिहावे. गाडी पहिल्या स्पर्धेच्या रांगेत उभी राहील त्या दिवसापासून मागे येत एकेक खर्च वजा करावा आणि जे उरेल त्यात इंजिनाचे काम बसवावे. ते बसत नसेल, तर आहे ते इंजिन नीट बांधून घेऊन एक हंगाम पळावे.

झेन आणि एस्टीमचे उदाहरण मुद्दाम घेतो. दोन्ही इंजिने सुझुकीच्या एकाच घराण्यातली, ॲल्युमिनियमच्या ब्लॉकची. झेनचे ९९३ सीसीचे (बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास ७२ आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल ६१ मिलिमीटर) आणि एस्टीमचे १२९८ सीसीचे (बोअर ७४, स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर). सोळा व्हॉल्व्हच्या एस्टीमला ८५ अश्वशक्ती मिळते आणि झेनसारख्या हलक्या गाडीत ती चांगलीच जाणवते. एस्टीम बंद होऊन बराच काळ लोटला असला, तरी हेच १.३ लिटरचे इंजिन पुढे पहिल्या स्विफ्टमध्ये आले आणि एलजीबी फॉर्म्युला ४ च्या शर्यतीच्या गाड्यांनाही ते बसवले गेले, त्यामुळे त्याचे सुटे भाग आणि त्याची खोड ओळखणारे मिस्त्री आजही सापडतात. जिप्सीचे १.३ चे इंजिन स्वस्तात मिळते म्हणून ते मात्र घेऊ नये. जिप्सीत इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते. ते झेनमध्ये आडवे बसवताना जी जुळवाजुळव करावी लागते, ती वाचलेल्या पैशांपेक्षा महाग पडते.

आधी ठरवायच्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे ही गाडी रस्त्यावर चालणार की फक्त ट्रॅकवर. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल गाडीत करता येत नाही आणि इंजिन बदलण्यासाठी आरटीओची परवानगी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. पैशांपेक्षाही गंभीर बाब अशी, की कागदावर नसलेले इंजिन बसवलेली गाडी रस्त्यावर अपघातात सापडली, तर विमा कंपनीपुढे उभे राहण्यासारखे आपल्याकडे काही उरत नाही. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की अशी गाडी फक्त ट्रॅकसाठी ठेवावी, तिची ने-आण टेम्पोवर किंवा ट्रेलरवर करावी आणि त्या वाहतुकीला अंदाजपत्रकात पहिल्यापासून वेगळी ओळ द्यावी.

ही ओळ कोल्हापूरकरांसाठी मोठी असते. कार्टिंगच्या राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या झालेला मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक आपल्या गावात आहे, हे आपले भाग्यच. पण मोटारींच्या शर्यतीसाठी कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर जायचे, तर बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत एका बाजूचेच सुमारे हजार किलोमीटर अंतर पडते. वाहनाचे भाडे, टोल, सोबतच्या मिस्त्रीचा मुक्काम आणि जेवण हे सगळे धरले, की एका फेरीचा खर्च जुन्या इंजिनाच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. दोघातिघांनी मिळून एक मोठा ट्रक ठरवला तर हा बोजा बराच हलका होतो.

दुसरी गोष्ट स्पर्धेच्या गटाची. भारतात मोटार शर्यतींचे नियमन एफएमएससीआय (फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया) करते आणि बहुतेक स्पर्धांत गट इंजिनाच्या क्षमतेनुसार पाडलेले असतात. हजार सीसीची गाडी तेराशेची झाली की ती वरच्या गटात जाते आणि तिथे आपल्यापेक्षा जास्त खर्च केलेल्या गाड्या उभ्या असतात. काही गटांत मूळ गाडीचेच इंजिन असावे अशीही अट असते. ज्या स्पर्धेत उतरायचे, तिची त्या वर्षीची नियमावली वाचून झाल्याशिवाय कोणालाही बयाणा देऊ नये.

सुटे इंजिन की अख्खी गाडी

पहिल्या वेळी मी सुटे इंजिन घेतले होते. ते चांगले चालत होते, पण विकणाऱ्याने वायरिंग कनेक्टरच्या मुळाशी कापून काढले होते आणि सोबत दिलेला ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, दुसऱ्याच गाडीचा निघाला. योग्य हार्नेस (तारांचा जुडगा), सेन्सर आणि ईसीएम गोळा करण्यात पावसाळा संपला, आणि इंजिनावर वाचवलेले पैसे या शोधात केव्हाच गेले. तेव्हापासून मी प्रत्येकाला अख्खी गाडी घ्यायला सांगतो. मागून धडक बसून बॉडी गेलेली, पण इंजिन चालू असलेली एस्टीम मिळाली, तर तिच्यासोबत गिअरबॉक्स, ॲक्सल, माउंटिंग, संपूर्ण वायरिंग, ईसीएम, पेट्रोल पंप, रेडिएटर आणि पंखा हे सगळे एकमेकांशी जुळलेले येते. अशा गाडीचे इंजिन विकत घेण्यापूर्वी चालवून पाहता येते, हा फायदा तर पैशात मोजता येत नाही. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीच्या गॅरेजांत चौकशी करावी आणि मुंबईच्या कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजाराकडे त्यानंतर वळावे.

पाहायला जाताना कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारे माप, सोबत न्यावे. इंजिन गरम करून चारही प्लग काढावेत, इंधन आणि इग्निशन तोडावे, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून प्रत्येक सिलिंडरचे माप घ्यावे. चारही सिलिंडरांत चौरस सेंटिमीटरमागे १ किलोपेक्षा जास्त फरक आढळला, तर इंजिन उघडावे लागणार हे गृहीत धरून किंमत पाडून मागावी. गाडीचे मूळ आरसी पुस्तक, कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद आणि चेसिस व इंजिन क्रमांक तपासूनच पैसे द्यावेत. गाडी मोडीत काढली की कलम ५५ नुसार १४ दिवसांच्या आत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते, तेही काम याच खर्चात धरावे. उरलेली दारे, काचा, सीट विकून पैसे येतील हे खरे. पण ते हातात पडेपर्यंत जमेच्या बाजूला लिहू नयेत.

स्विफ्टचे इंजिन घेणाऱ्याने ईसीएमसोबत किल्ली आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) हेही त्याच गाडीचे घ्यावेत, कारण त्यांनी एकमेकांना ओळखले नाही तर इंजिन सुरूच होत नाही.

उद्यमनगरातले काम

आपल्या गावाचे बळ इथे आहे. ऑइल इंजिने आणि बीड (ओतीव लोखंड) ओतण्याच्या धंद्यावर वाढलेल्या शिवाजी उद्यमनगरात आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि हेड फेसिंगची, म्हणजे इंजिनाचे झिजलेले भाग पुन्हा मापात आणण्याची, कामे करणारे कसबी हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बाहेरगावचे लोक ज्या कामासाठी चार ठिकाणी हिंडतात, ते इथे एका दुपारी दोन गल्ल्यांत ठरते. माझा अनुभव असा, की मजुरीत घासाघीस करून मिळते थोडे आणि जाते जास्त. त्यापेक्षा कामाचा क्रम नीट ठेवावा, पैसे तिथे वाचतात.

क्रम म्हणजे काय, ते सांगतो. इंजिन खोलून, धुऊन, मापे घेतल्याशिवाय भागांची यादी करू नये. सिलिंडर झिजलेले निघाले, तर ओव्हरसाइज पिस्टन आधी विकत आणावेत, ते लेथवाल्याच्या हातात द्यावेत आणि त्या पिस्टनच्या मापाने बोअर करून घ्यावे. आधी बोअर करून नंतर पिस्टन शोधायला निघालेल्या माणसाचा ब्लॉक महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडून राहतो. तापलेल्या इंजिनाचे ॲल्युमिनियमचे हेड वाकलेले असू शकते. सरळ पट्टी लावून फिलर गेजने (फट मोजणाऱ्या पातळ पात्यांनी) पाहावे, आणि ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर फेसिंगचा, म्हणजे हेड सपाट करून घेण्याचा, खर्च धरावा. रिंगा, बेअरिंग, गॅस्केट संच, ऑइल सील, टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि ऑइल पंप हे भाग ‘चालतील अजून’ असे वाटले तरी नवेच लिहावेत. दर विचारताना १८ टक्के जीएसटी धरून की सोडून, हे प्रत्येक दुकानात विचारावे, कारण अर्ध्या ओळी करासह आणि अर्ध्या कराविना लिहिलेली यादी शेवटी हजारोंनी चुकते.

एक काम उद्यमनगरात अगदी थोडक्यात होते आणि इंजिन वाचवते. लांब वळणात जोरात गाडी घातली, की ऑइल सम्पच्या, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या भांड्याच्या, एका बाजूला सरकते, ऑइल ओढणारा पिकअप उघडा पडतो आणि ऑइलचा दाब पडून बेअरिंग जातात. सम्पमध्ये पत्र्याचे आडोसे वेल्ड करून घेतले आणि ऑइल प्रेशरचे गेज बसवले, तर हा धोका खूप कमी होतो. पूर्ण अंदाजपत्रकात एवढ्या कमी पैशांत एवढे मोठे नुकसान टाळणारी दुसरी ओळ मला माहीत नाही.

विसरल्या जाणाऱ्या ओळी

कार्ब्युरेटरच्या जुन्या झेनमध्ये इंजेक्शनचे इंजिन घालायचे, तर मूळचा पेट्रोल पंप उपयोगाचा नाही. इंजेक्शनला सुमारे ३ बारचा दाब देणारा विजेवरचा पंप, नव्या नळ्या आणि टाकीकडे परत जाणारी लाइन लागते. मोठ्या स्ट्रोकमुळे नवे इंजिन उंच असते, म्हणून बॉनेटखालची जागा, ॲक्सलचा कोन आणि सायलेन्सरची वाट प्रत्यक्ष मोजूनच माउंटिंगची मजुरी ठरवावी. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग इंजिन बाहेर असतानाच बदलावेत, नाहीतर त्याच मजुरीसाठी दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागतात.

ब्रेकबद्दल मी आग्रही आहे. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सरळ पट्ट्याच्या शेवटी १०० ऐवजी १२० चा वेग मिळू लागला, तर ब्रेकना ४४ टक्के जास्त ऊर्जा उष्णतेच्या रूपाने झेलावी लागते. चांगले पॅड, नव्या डिस्क, नवे रबरी होज आणि ताजे डॉट ४ ब्रेक ऑइल यांना इंजिनाइतकेच पक्के स्थान द्यावे. रोल केजचे, म्हणजे गाडी उलटल्यास चालकाला वाचवणाऱ्या आतल्या नळ्यांच्या पिंजऱ्याचेही तसेच. मोटार शर्यतींची जागतिक संघटना एफआयए हिच्या नियमात मुख्य कमानीसाठी किमान ४५ × २.५ किंवा ५० × २ मिलिमीटरची सीमलेस नळी सांगितली आहे. फर्निचरसाठी मिळणाऱ्या वेल्डच्या पाइपात केज करून पैसे वाचवू नयेत, कारण गाडी उलटल्यावर तुमच्या डोक्यावरचे छत त्या पाइपावरच तोलले जाणार असते.

आकडे मांडून पाहू

पुढचे आकडे बाजारभाव नव्हेत, रीत कळावी म्हणून घेतलेले आहेत. समजा, वर्षाला एकूण ४ लाख रुपये घालता येतात आणि केज, हेल्मेट, सीट बेल्ट आधीचे आहेत. टायर, प्रवेश फी, परवाना, वाहतूक आणि पेट्रोल यांसाठी १ लाख ४० हजार आधीच बाजूला काढले, तर २ लाख ६० हजार उरतात. त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे ५२ हजार, राखीव ठेवावा आणि त्याला काम चालू असताना हात लावू नये. तो इंजिन उघडल्यावर निघणाऱ्या दोषांसाठी आहे, सुंदर अलॉय चाकांसाठी नाही. राहिले २ लाख ८ हजार. अख्ख्या गाडीला ७० हजार, मशीनचे काम आणि आतले भाग ४५ हजार, क्लच आणि ॲक्सल २० हजार, रेडिएटर, इंधन आणि सायलेन्सर २८ हजार, माउंटिंग आणि वायरिंगची मजुरी २५ हजार, ब्रेक २० हजार, इथे बेरीज पूर्ण होते. म्हणजे अख्खी गाडी घेऊनही ती ४ लाखांच्या पाचव्या भागात बसली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो प्रकार इथे दिसतो.

पैसे देण्याचा क्रमही लिहून ठेवावा. आधी गाडी, मग इंजिन खोलून तपासणी, आणि तपासणीचा निकाल हातात आल्यावरच पुढची खरेदी. तपासणीत क्रँक किंवा ब्लॉक वाया गेलेला निघाला, तर त्या टप्प्यावर थांबता येते; आधीच सीट, स्टिअरिंग आणि गेज घेऊन बसलेल्याला थांबता येत नाही. गणपतीपासून दिवाळीपर्यंत कारागीर गावी जातात आणि कामे लांबतात, म्हणून लेथचे काम जुलैच्या आत उरकेल असे पाहावे.

शेवटची ओळ रनिंग-इनची. नवे बांधलेले इंजिन रस्त्यावर हळूहळू चालवून रुळवायची सोय ट्रॅकच्या गाडीला नसते, त्यामुळे स्पर्धेआधी किमान एक दिवस ट्रॅक भाड्याने घेण्याचे पैसे धरावेत. त्या दिवशी सकाळी कमी आरपीएमवर फेऱ्या माराव्यात, मध्येच थंड होऊ देऊन गळती, नट-बोल्ट आणि होज क्लॅम्प पाहावेत, दुपारी ऑइल आणि फिल्टर बदलावेत आणि संध्याकाळी पुन्हा कॉम्प्रेशन मोजून चारही आकडे हिशोबाच्या वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहावेत. पुढच्या हंगामाआधी इंजिन उघडायचे की नाही, हे त्याच चार आकड्यांशी ताडून ठरवायचे असते.