फुलांच्या मंद वासाची इंग्लिश पाइप तंबाखू : या चुका टाळा

इंग्लंडमधल्या केंडल गावची फुलांच्या वासाची पाइप तंबाखू पहिल्यांदा ओढलेल्यांची तक्रार ठरलेली असते : "साबण ओढल्यासारखं वाटलं." मग डबी कपाटात मागे ढकलली जाते किंवा मित्राला देऊन टाकली जाते. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा दोष तंबाखूचा नसतोच. पानात ओल जास्त, पाइप तापलेला आणि झुरके घाईचे, असं सगळं एकत्र आलं की तिच्यातल्या जिरेनियमच्या वासाचा साबण होतो. फुलांचा अर्क फार नाजूक असतो आणि जास्त उष्णता त्याला सोसत नाही. पुढच्या बऱ्याच चुकांचं मूळ इथेच आहे.

आधी या प्रकाराची थोडी ओळख. इंग्लंडच्या वायव्येला, लेक डिस्ट्रिक्टच्या उंबरठ्यावर केंडल हे गाव आहे. 1792 मध्ये थॉमस हॅरिसन यांनी ग्लासगोहून तपकीर दळण्याची यंत्रं इथे आणली आणि गावाचं तंबाखूशी नातं जुळलं. सॅम्युअल गॉविथ आणि गॉविथ हॉगार्थ ही दोन नावं पुढे इथे वेगवेगळी नांदली आणि 2015 मध्ये एकत्र आली. तपकिरीला सुगंध लावण्याची या गावाची जुनी रीत पाइपच्या तंबाखूतही उतरली आहे. नेमकी कृती कंपन्या सांगत नाहीत, पण नाकाला ओळखू येणारे घटक ठरलेले आहेत : टोंका बी, गुलाबाच्या वासाचं जिरेनियम, लव्हेंडर, कधी बर्गमॉट हे लिंबूवर्गीय फळ. टोंका हे दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाचं बी. त्यातल्या कूमरिन या द्रव्यामुळे व्हॅनिला, बदाम आणि नुकतंच कापलेलं गवत यांचा मिळून एक वास येतो. जिरेनियम आता आपल्याकडच्या शेतकऱ्यांनाही नवं राहिलेलं नाही. त्याचं पान चुरगळल्यावर बोटांना जो गुलाबासारखा, किंचित लिंबूट वास राहतो, तोच इथे धुरात भेटतो.

चुकीच्या डबीपासून सुरुवात

दुकानाच्या फळीवर 'इंग्लिश मिक्श्चर' लिहिलेलं दिसलं की लोक तीच डबी उचलतात. त्या नावाखाली बहुधा लटाकिया घातलेली तंबाखू विकली जाते. लटाकिया म्हणजे लाकडाच्या धुरावर सुकवलेलं पान, त्याला शेकोटीचा आणि चामड्याचा वास असतो. सॅम्युअल गॉविथचीच स्क्वाड्रन लीडर किंवा स्किफ मिक्श्चर घेतली, तर तंबाखू उत्तम मिळेल, पण फुलं मिळणार नाहीत. फुलांच्या वासाचं हे घराणं 'लेकलँड' या नावाने ओळखलं जातं, तेव्हा विचारताना तेच नाव घ्यावं.

दुसरी गल्लत म्हणजे एकदम एनरडेल फ्लेकवर उडी मारणं (फ्लेक म्हणजे दाबून पट्ट्यांत कापलेली तंबाखू). ती या घराण्यातली सगळ्यात मोठ्या आवाजाची तंबाखू आहे. नाक तयार नसताना तिचा बदाम आणि फुलांचा मारा अंगावर येतो आणि माणूस अख्ख्या प्रकारावर काट मारतो. मंद वास हवा असेल तर सेंट ब्रुनो फ्लेक घ्यावी. ती केंडलची नाही, लिव्हरपूलच्या ऑग्डेन कंपनीने 1896 मध्ये काढलेली आहे, पण तिच्यातला फुलांचा पदर हलका आहे आणि खाली गडद व्हर्जिनिया पानाची भक्कम चव आहे. केंडलमधलं काही हवं असेल तर ग्राउसमूर पाहावी, फिकट व्हर्जिनियावर लिंबूट गवताचा आणि फुलांचा हात फिरवल्यासारखी. एनरडेलची पाळी त्यानंतर.

ओली तंबाखू पेटवणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. केंडलच्या पट्ट्या डबीतून निघतात तेव्हा चांगल्याच ओलसर असतात. एक पट्टी उचलून पाहा : चामड्याच्या पातळ कापासारखी लवचिक, कडेने वाकवली तरी न तुटणारी, बोटाला किंचित चिकटणारी. ती तशीच भरली की पेटत नाही. पेटत नाही म्हणून जोरात ओढायचं, जोरात ओढलं की पाण्याची वाफ होते, ती वाफ जीभ भाजते आणि अर्काचा साबण करून टाकते. जिभेवरच्या चटक्याला लोक तंबाखूचा तिखटपणा समजतात, बऱ्याचदा तो निव्वळ वाफेचा चटका असतो.

उपाय सोपा आहे. पट्टी मोकळी करून कागदावर पसरा आणि ठेवून द्या. किती वेळ, हे घड्याळापेक्षा बोटांना विचारावं. चिमटीत दाबल्यावर तंबाखू एकमेकींना चिकटून गोळा होत असेल तर ओल आहे. दाब सोडल्यावर ती हळूच उमलत असेल तर झाली. दाबताना कुरकुर वाजून चुरा होत असेल तर जास्त वाळली. इंग्लंडमधले लोक अर्धा-एक तास सांगतात, पण तो हिशेब आपल्या हवेला लागू नाही. जुलैत मुंबई-रत्नागिरीला पट्टी दिवसभर पसरली तरी वाळायचं नाव घेत नाही, उलट हवेतलं पाणी पिते. तिथे टेबल लॅम्पच्या उबेत किंवा मंद पंख्याखाली ठेवावी लागते. मे महिन्यात नागपूर-अकोल्याला हेच काम पाव तासात होतं आणि लक्ष गेलं तर पापडासारखी पट्टी हाती येते.

मायक्रोवेव्ह मात्र नको. ओल जाते तसा वासही जातो, आणि आपण ही तंबाखू वासासाठीच घेतलेली असते.

ओढताना मध्येच नळीतून बुडबुड आवाज येऊ लागला तर थांबा. पाइप क्लीनर तोंडाकडून आत सरकवून टोकाला जमलेलं पाणी टिपून घ्या आणि मग पुढे चला. पाइप गरम असताना नळी उपटून काढू नका, सांधा सैल होतो किंवा दांडा तडकतो.

तळहातावर फार मळणं

आपल्याकडे तंबाखू मळायची म्हटलं की अंगठा आपोआप तळहातावर फिरायला लागतो. ती सवय इथे आवरावी. पट्टी जितकी बारीक चुरली जाईल तितकी ती झरझर आणि गरम जळते. गरम जळली की फुलं पहिल्या पाच मिनिटांतच संपतात. पट्टी बोटांनी नुसती सैल करायची, धागे लांबच राहू द्यायचे. सराव झाल्यावर पट्टी न मोडता दोनदा दुमडून उभी भरता येते, वर थोडा चुरा पेटवणीला. अशी भरलेली सर्वांत संथ आणि थंड जळते, पण तिला ओल आणखी कमी लागते.

भरताना तळाशी सैल आणि वर थोडी घट्ट ठेवावी. न पेटवता एक झुरका घेऊन पाहावा : हवा सहज यायला हवी. ओढताना गाल आत जात असतील तर पेटवूच नका, उपसून पुन्हा भरा.

पाइप इंजिनासारखा चालवणं

सिगारेटवरून आलेले लोक पाइप विझू नये म्हणून धडपडतात. विझू द्या. पुन्हा पेटवण्यात काहीच कमीपणा नाही, या तंबाखूत तर तो अपेक्षितच आहे. धूर जेमतेम दिसेल इतक्या सावकाश ओढलं की जिरेनियम वेगळं कळतं, टोंका वेगळं कळतं आणि खालचं व्हर्जिनियाचं गवताळ गोडपण वर येतं. बाउल, म्हणजे तंबाखू भरायची वाटी, गालाला लावून पाहावा, चटका बसत असेल तर पाइप खाली ठेवून द्यावा. जेट लायटरची निळी ज्योत इथे कामाची नाही, ती पाइपच्या लाकडाचा, ब्रायरचा, काठही जाळते. साधी काडी किंवा मऊ पिवळ्या ज्योतीचा लायटर बरा. काडीचा गंधक जळून गेल्यावरच ती बाउलवर धरावी, नाहीतर पहिला वास गंधकाचाच.

एकाच पाइपात सगळं

ब्रायर हे लाकूड आहे आणि ते वास धरून ठेवतं. लेकलँडचा अर्क त्यात असा मुरतो की पुढची साधी व्हर्जिनिया महिनाभर जिरेनियमची लागते. पाइपवाले याला 'भूत बसलं' म्हणतात. लटाकिया ओढलेल्या पाइपात सेंट ब्रुनो भरली तर उलटं होतं, धुरापुढे फुलं दबून जातात.

म्हणून या तंबाखूला एक पाइप वेगळा ठेवा. तो महागडा असायची गरज नाही. मक्याच्या कणसाचा पाइप स्वस्त पडतो आणि फुलांच्या वासाला चांगला साथ देतो. मातीचा पाइप त्याहून प्रामाणिक, आधीचं काहीच आठवणीत ठेवत नाही, फक्त हाताला तापतो.

आवडत्या पाइपात भूत बसलंच असेल तर घाई न करता काढावं. आतला काजळीचा थर जाड झाला असेल तर रीमरने, म्हणजे काजळी काढायच्या हत्याराने, खरवडून नाण्याच्या जाडीइतका ठेवा. मग बाउलमध्ये कापूस सैल भरा, त्यावर व्होडका किंवा पांढरी रम थेंबाथेंबाने टाकून कापूस ओला करा, नळीच्या भोकात पाइप क्लीनर खोचून पाइप रात्रभर तिरका ठेवा. सकाळी कापूस तपकिरी निघतो. पाइप दोन-तीन दिवस उघड्यावर वाळू द्या, वास उरला असेल तर पुन्हा करा. कापसाऐवजी मीठ वापरायची पद्धतही आहे, पण मिठाने ब्रायरला तडा गेल्याची उदाहरणं आहेत, म्हणून मी कापूसच सुचवतो. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट वापरू नका, जे पोटात जाऊ नये ते तोंडाला लागणाऱ्या वस्तूतही नको.

सुगंध मंद म्हणजे तंबाखू सौम्य, असं समजणं

ही चूक अंगाशी येते. वरचा वास फुलांचा असला तरी खाली बऱ्याचदा गडद, धुरावर भाजलेलं जोरकस पान असतं. टोंकाचा गोड वास असलेली '1792 फ्लेक' नावाची तंबाखू याचं ठळक उदाहरण, रिकाम्या पोटी ती ओढणाऱ्याला घाम फुटतो. मळमळ, चक्कर, थंड घाम ही निकोटिन जास्त झाल्याची लक्षणं. पाइप लगेच खाली ठेवा, बसून घ्या, पाणी प्या, काहीतरी गोड खा. पहिल्यांदा ओढताना जेवणानंतर, लहान बाउल आणि तोही अर्धाच भरलेला, एवढं पुरे. धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडात खेळवून सोडायचा असतो.

तरीही तोंड आणि घसा वाचत नाहीत. पाइपनेही कॅन्सर होतो आणि जिरेनियमच्या वासाने त्यात काही फरक पडत नाही. जो तंबाखू ओढत नाही त्याने या सुगंधासाठी सुरुवात करू नये, हे मी अगदी मनापासून सांगतो. घरात लहान मुलं, गरोदर स्त्री किंवा दम्याचा माणूस असेल तर बंद खोलीत पाइप पेटवूच नये. "वास चांगला येतो" असं घरचे म्हणाले तरी धूर तो धूरच.

साठवण

लेकलँडची डबी दुसऱ्या तंबाखूशेजारी उघडी ठेवली की आठवड्यात सगळ्यांना एकच वास लागतो. काचेची घट्ट झाकणाची बरणी घ्या आणि ती याच तंबाखूसाठी राखून ठेवा. झाकणाची रबरी रिंग वास सोडत नाही, धुऊनही नाही. बरणी बदलायची वेळ आली तर रिंग नवी घ्या. तंबाखू वाळू नये म्हणून बटाट्याचा किंवा सफरचंदाचा काप टाकायची जुनी युक्ती आपल्या दमट हवेत बुरशीला आमंत्रण आहे.

जुन्या पट्टीवर पांढरं काही दिसलं तर फेकायची घाई नको. उजेडात धरल्यावर बारीक कण चमकत असतील आणि वास स्वच्छ असेल तर ते बहुधा पानातून वर आलेले स्फटिक आहेत, तंबाखू उत्तम आहे. कापसासारखी लव असेल आणि कोंदट, ओल्या भिंतीसारखा वास येत असेल तर ती बुरशी. मग वरचा भाग काढून उरलेली वाचवायचा मोह टाळा, अख्खी बरणी रिकामी करा.

व्हर्जिनिया वर्षानुवर्षं मुरते आणि गोड होते, हे खरं आहे. फुलांचा अर्क मात्र त्याच काळात विरत जातो. पाच-सहा वर्षं ठेवलेली लेकलँड पट्टी चांगली लागेल, पण ती आता वेगळी तंबाखू असेल. एनरडेल फार भडक वाटली असेल तर हा गुण कामी येतो : देऊन टाकण्यापेक्षा बरणीत भरा, तारीख लिहा आणि मागच्या फळीवर ठेवा. सेंट ब्रुनोसारख्या मंद वासाच्या तंबाखूचं याच्या उलट करायचं, डबी फोडली की त्याच वर्षी संपवायची.