दंडावरचा शुगर सेन्सर: लावायचा कसा, वाचायचा कसा

डायबेटिसच्या पेशंटना दंडावर चिकटून सतत शुगर दाखवणारा सेन्सर लावून देणं हे माझं रोजचं काम. लावणं सोपं आहे, आकडा वाचणं शिकावं लागतं. ते न शिकवताच लोकांना घरी पाठवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

दंडाची मागची बाजू निवडा. त्या दिवशी अंगाला तेल किंवा लोशन नको. जागा साबणाने धुऊन स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या, नाहीतर घामाने पट्टी सुटते. मग अप्लिकेटर, म्हणजे सेन्सर बसवायचं साधन, टेकवून एकदाच ठामपणे दाबा. सुई लगेच बाहेर येते. आत राहतो तो जेमतेम 5 मिलिमीटरचा बारीक तंतू. त्यावरच्या एन्झाइमची ग्लुकोजशी क्रिया झाली की अगदी क्षीण वीजप्रवाह निर्माण होतो, त्यावरून आकडा काढतात. क्लार्क आणि लायन्स या शास्त्रज्ञांनी 1962 मध्ये मांडलेली ही कल्पना आता दंडावर सलग 14 दिवस काम करते. पूर्वी असे सेन्सर बोट टोचून पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावे लागत, आता बऱ्याच सेन्सरना ते लागत नाही.

पण तंतू रक्तात नसतो, पेशींच्या मधल्या जागेतल्या द्रवात असतो. तिथे बदल काही मिनिटं उशिरा कळतो. म्हणून जेवणानंतर किंवा फिरून आल्यावर बोट टोचून तपासायच्या मीटरशी आकडा जुळला नाही, तर सेन्सर बिघडला असं समजू नका. आकड्याशेजारचा बाण बघा, शुगर कुठे चालली आहे ते तो सांगतो. 110 आणि आडवा बाण असेल तर निवांत राहा. 110 आणि बाण सरळ खाली, तेही इन्सुलिन घेतल्यावर, तर साखर हाताशी ठेवा आणि लगेच पुन्हा बघा.

एका आजोबांच्या सेन्सरचा शुगर कमी झाल्याचा अलार्म रात्री तीनला वाजायचा, आकडा 58. घरचे घाबरून साखरपाणी द्यायचे आणि सकाळी शुगर चढलेली. विचारल्यावर कळलं, आजोबा डाव्या कुशीवर झोपतात आणि सेन्सरही डाव्याच दंडावर. दाब पडला की आकडा खोटाच खाली येतो. पुढचा सेन्सर उजवीकडे लावला आणि रात्रीचा अलार्म थांबला. तुमच्याकडे असं झालं तर कूस बदला, बोट टोचून खात्री करा. मात्र घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होत असेल आणि मीटर जवळ नसेल, तर वाट न बघता साखर द्या.

व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसने काही सेन्सरचा आकडा खोटा वाढतो, तेव्हा गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. सुई न टोचता शुगर सांगणारं घड्याळ किंवा अंगठी मात्र घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2024 मध्ये त्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला आहे.

आणि काय खाल्लं ते वेळेसकट लिहून ठेवा. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीचा चढ आलेखावर बघितला की पेशंट स्वतःच विचारतात, “ताई, पुढच्या वेळी किती घेऊ?” दिवसातला बहुतेक वेळ 70 ते 180 मध्ये जातोय का, हे त्याच आलेखावर डॉक्टरांना दाखवा.