हॅचमधलं कुजलेलं लाकूड बदलताय? या चुका टाळा

फायबरग्लास बोटीचं हॅच, म्हणजे डेकवरच्या उघडणाऱ्या जागेचं झाकण, वरून धडधाकट दिसतं, पण पाय ठेवला की दबतं. बिजागरीचे स्क्रू कितीही पिळले तरी आवळले जात नाहीत, नुसते फिरत राहतात. हॅच पालथं केलं की एखाद्या भोकातून तपकिरी पाणी गळतं. असं काही दिसलं की आतलं लाकूड गेलं असं समजूनच पुढची तयारी करावी.

हॅच म्हणजे फायबरग्लासचे दोन पातळ थर आणि त्यांच्या मधे गाभा म्हणून चिकटवलेलं प्लायवुड किंवा बाल्सा हे हलकं लाकूड. ताकद कुठल्याही एका थरात नसते, तिन्ही एकमेकांना धरून राहतात त्यात असते. गाभा मऊ झाला किंवा नुसता सुटला, तरी वरचा थर एकटा माणसाचं वजन पेलू शकत नाही. फायबरग्लास स्वतः कुजत नाही. पाणी आत शिरतं ते बहुतेक वेळा भोकांतून. बिजागऱ्या, कड्या, हँडल हे सगळं बसवताना लाकडात थेट स्क्रू मारलेले असतात आणि भोकाची आतली बाजू कोणी बंद केलेली नसते. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी वाढत नाही. म्हणजे हा सगळा मामला पाण्याचा आहे. नवा गाभा घालून जुनीच भोकं जुन्याच पद्धतीने वापरली, तर हेच काम पुन्हा करायची वेळ येणार.

कुज कुठवर गेली हे न बघताच कापायला बसणं

डोळ्यांना जेवढं दिसतं त्याहून कुज बरीच पुढे गेलेली असते. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने सगळं हॅच हळूहळू ठोकून बघा. चांगल्या भागातून टणक आवाज येतो, सुटलेल्या किंवा ओल्या भागातून बसका. आवाज बदलतो तिथे पेन्सिलीने खूण करत गेलं की नकाशाच तयार होतो. मॉइश्चर मीटर मदतीला असतो, पण त्याच्या आकड्यावर सगळा भरवसा टाकू नये. आतला एखादा बोल्ट किंवा धातूची पट्टीही त्याला फसवते. खरी परीक्षा म्हणजे आतल्या बाजूने, वरच्या थराला धक्का न लावता, पाडलेली छोटी भोकं. ड्रिलच्या बिटला खोलीच्या मापावर टेप गुंडाळली की बिट आरपार जात नाही. कोरडा, फिकट भुसा आला तर तो भाग ठीक. काळपट आणि बोटाला ओल लागणारा आला, तर खूण आणखी पुढे सरकवा.

भोकं पाडून रेझिन सोडणं

हा सगळ्यात लाडका शॉर्टकट आणि सगळ्यात जास्त निराश करणाराही. कल्पना ऐकायला छान वाटते: पातळ इपॉक्सी (हार्डनर कालवल्यावर कडक होणारं रेझिन) सोडायचं, ते लाकडात मुरेल आणि सगळं कडक होईल. पण ओल्या लाकडातली जागा पाण्याने आधीच व्यापलेली असते, रेझिन जाणार कुठे? ते भोकाभोवती थोडं पसरतं आणि तिथेच थांबतं. मग कडक गाठी आणि त्यांच्या मधे ओला भुसा असा गाभा तयार होतो. अॅसिटोन घालून रेझिन पातळ केलं तर आणखी बिघडतं. ते आत अडकून राहतं आणि इपॉक्सी कमजोर होतं. रेझिन सोडण्याला अर्थ आहे तो एकाच ठिकाणी: लाकूड कोरडं आणि चांगलं आहे, फक्त थर सुटलाय. तेही भोकातून कोरडा भुसा आला असेल तरच.

वरून कापणं

वरच्या बाजूला जेलकोट, म्हणजे रंगीत चकचकीत लेप, असतो, पाय घसरू नये म्हणून उठवलेली नक्षी असते. ती हुबेहूब पुन्हा उठवणं हे गाभा बदलण्यापेक्षा अवघड काम आहे. त्यामुळे हॅच काढून पालथं घाला आणि आतल्या बाजूने उघडा. सर्क्युलर सॉचं पातं फक्त आतल्या थराच्या जाडीइतकंच खाली ठेवायचं. कडेने साधारण २५ ते ५० मिलिमीटरची पट्टी तशीच राखली, तर नवा थर जोडायला आधार मिळतो. कापलेला तुकडा शाबूत निघाला तर तोच परत लावता येतो.

आकार जाऊ देणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही, कारण ती कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. बहुतेक हॅचना वरून किंचित फुगवटा असतो, पाणी निथळावं म्हणून. तो फुगवटा गाभ्याने धरून ठेवलेला असतो. गाभा काढल्यावर उरलेला थर लवचिक असतो, ज्यावर ठेवाल त्याचा आकार घेतो. सपाट टेबलावर ठेवून वजन लादलं की हॅच सपाटच तयार होतं आणि मग ते रबर गॅस्केटवर नीट टेकत नाही. रेझिन एकदा कडक झालं की त्याला परत वाकवता येत नाही.

म्हणून कापायच्या आधीच वरच्या बाजूची वक्रता जाड पुठ्ठ्यावर उतरवून घ्या. त्या मापाने आडव्या पट्ट्या कापून एक पाळणा तयार करा आणि हॅच त्यात पालथं ठेवूनच पुढचं सगळं काम करा. पीळ बसलाय का हेही बघायला हवं. दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एका रेषेत नजर टाकली की चटकन कळतं.

यातच आणखी एक अडचण येते. १२ मिलिमीटरचं प्लायवुड वक्रतेवर बसायला तयार नसतं. वजनाने दाबून बसवलं तरी ते सरळ व्हायला बघतं आणि थर ओढतं. त्याऐवजी ६ मिलिमीटरचे दोन थर वापरा, किंवा एका बाजूने करवतीच्या अर्धवट खाचा द्या आणि त्या घट्ट रेझिनने पूर्ण भरा. खाच रिकामी राहिली तर पुढे पाणी खेळायला आयता मार्ग. जाडीही मोजून घ्या, जुन्यापेक्षा २ मिलिमीटर जास्त झाली तरी कडी लागताना त्रास होतो.

अर्धवट साफसफाई

राखलेल्या पट्टीखालचं लाकूड काढायचा कंटाळा येतो आणि तिथेच कुज लपून बसते. पटाशी आणि वाकडी खरवडणी घेऊन कोपऱ्यांपर्यंत जा. जो भाग ठेवणार तो पूर्ण वाळू द्या. दमट हवेत याला आठवडे लागतात, पंखा आणि हलकी उष्णता असेल तर लवकर. मग ६० ते ८० नंबरच्या सँडपेपरने आतला फायबरग्लास खरखरीत करा. गुळगुळीत पृष्ठभागावर काहीही टिकत नाही. ही धूळ फुफ्फुसांना आणि कातडीला वाईट, म्हणून मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्या हव्यातच.

रेझिनच्या बाबतीत गोंधळ

जुनं हॅच बहुधा पॉलिएस्टर रेझिनचं असतं, म्हणून दुरुस्तीही पॉलिएस्टरनेच करावी असं वाटतं. पण आधीच कडक झालेल्या थरावर आणि लाकडावर इपॉक्सी कितीतरी जास्त घट्ट धरतं. अशा कामाला इपॉक्सीच घ्यावं. दोन्हींची सवय मात्र वेगळी. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर थोडा कमी-जास्त करून वेग बदलता येतो. इपॉक्सीत तसं केलं की ते कायम चिकट राहतं. हवामान पाहून वेगवान किंवा संथ हार्डनर निवडायचा, प्रमाणाला हात लावायचा नाही. एकदम मोठा डबा कालवला तर तो तापतो, धूर येऊ लागतो, म्हणून थोडं थोडं कालवून पसरट भांड्यात ओता.

काचतंतूंच्या तुकड्यांची साधी मॅटही जपून निवडा. अनेक मॅटमधला चिकटवणारा पदार्थ पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीन या द्रावकात विरघळतो, आणि इपॉक्सीत स्टायरीन नसतंच. मॅट ताठ राहते, कोपऱ्यात बसत नाही. शिवलेलं बायअॅक्सियल, म्हणजे दोन दिशांना तंतू असलेलं, कापड बरं. जोडाला जाडीच्या १२ पट उतार द्या, म्हणजे ३ मिलिमीटरच्या थराला ३६ मिलिमीटर.

इपॉक्सी कडक झाल्यावर वर तेलकट थर दिसला तर तो पाण्याने आणि घासणीने धुवायचा, मगच सँडपेपर. आधी घासलं तर तो थर आणखी आत रगडला जातो. आणि उन्हात इपॉक्सी टिकत नाही, वरून रंग लागतोच.

कोरडा गाभा चिकटवणं

बाल्सा आणि प्लायच्या कडा रेझिन शोषून घेतात. घट्ट केलेलं मिश्रण थेट लावलं तर त्यातलं रेझिन लाकूड पिऊन टाकतं आणि जोड कोरडा राहतो. आधी दोन्ही बाजूंना साधं रेझिन ब्रशने फिरवा, मग सिलिकाची पूड घालून घट्ट केलेलं, थापीवरून ओघळणार नाही इतपत, खाचदार थापीने पसरवा. प्लायमध्ये मधूनमधून छोटी भोकं पाडली की कोंडलेली हवा निघून जाते. त्या भोकांतून आणि कडेने रेझिन वर आलं म्हणजे खाली पोकळी राहिली नाही. वर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर वाळूच्या पिशव्या, म्हणजे वजन सारखं पडतं आणि वक्रतेशी जुळतंही. भाराने जास्त आवळू नका, सगळं रेझिन बाहेर निघालं तर जोडात काहीच उरत नाही.

भोकं

एवढं करून शेवटी बिजागरीचा स्क्रू थेट नव्या प्लायमध्ये मारणारे लोक आहेत! ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी आधी १२ मिलिमीटरचं भोक पाडा, पण खालचा थर फोडू नका. घट्ट इपॉक्सीने ते भरा, कडक होऊ द्या आणि त्याच्या मधोमध नेमक्या मापाचं भोक पाडा. आता बोल्टचा लाकडाशी संबंधच येत नाही. फोमचा गाभा घातला असेल तर बिजागरीखाली तो तुकडा काढून प्लाय किंवा भरीव इपॉक्सी घालावं लागतं, नाहीतर बोल्ट आवळताना फोम चेपला जातो.

बिजागरीखाली सिलिकॉन टाळलेलं बरं. त्याचा अंश राहिला तर पुढे तिथे रंग धरत नाही. ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावा, बोल्ट एकदम न आवळता थोडे थोडे आवळा, टेप कडेने बाहेर येऊ लागली की थांबा. दोन-तीन दिवसांनी टेप आणखी थोडी दबलेली असते. तेव्हा पुन्हा आवळून बाहेर आलेला भाग प्लास्टिकच्या पट्टीने कापून टाका.