घरी थ्रीडी प्रिंटरवर प्रिंट केलेल्या पार्ट्सचा रोबोट, पहिल्यांदा करताय तर असा करा

रोबोट म्हटलं की सगळे कोडच्या मागे लागतात, पण पहिला रोबोट बहुतेक वेळा चाकाच्या भोकातच अडतो. कोड पाच मिनिटांत बदलता येतो, चाक शाफ्टवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्यावर, सैल बसलं तर परत प्रिंट लावा आणि वाट बघत बसा. म्हणून इथं मापांवर जास्त लिहितोय.

आपण करायचीय दोन चाकांची गाडी, समोर काही आलं की थांबून वळणारी. सामान असं: अर्डुइनो नॅनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड), एल२९८एन मोटर ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवणारा बोर्ड), दोन पिवळ्या बीओ मोटर (गिअरवाल्या छोट्या मोटर), एचसी-एसआर०४ सेन्सर (आवाजावरून अंतर मोजणारा), होल्डरसकट दोन १८६५० लिथियम सेल, स्विच, जंपर वायर. हे ऑनलाईन मागवा, एम३ चे, म्हणजे ३ मिमी जाडीचे, स्क्रू-नट मात्र सांगलीत कुठल्याही चांगल्या हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळतात.

मोटर हातात आल्याशिवाय डिझाईन सुरू करू नका. व्हर्निअर कॅलिपरनं शाफ्ट मोजा, तो गोल नसतो, दोन बाजूंनी चपटा असतो, त्यामुळं जाड बाजू आणि चपटी बाजू दोन्ही मापं लिहून ठेवा. प्रिंटरमध्ये भोक नेहमी थोडं लहानच येतं. आता आख्खं चाक प्रिंट करू नका, टिंकरकॅडमध्ये (ब्राउझरमध्ये चालणारं डिझाईनचं सॉफ्टवेअर) एक छोटी पट्टी काढा आणि तिच्यात तीन भोकं द्या, शाफ्टपेक्षा ०.१, ०.२ आणि ०.३ मिमी मोठी. पट्टी लगेच निघते, शाफ्ट घालून बघा, अंगठ्यानं जोर देऊन जे बसतं आणि हलवलं तरी डगमगत नाही ते माप तुमच्या प्रिंटरचं. शेजाऱ्याच्या प्रिंटरचं वेगळं येईल. एम३ स्क्रूला ३.२ ते ३.३ मिमी भोक ठेवा, घट्ट झालं तर बारीक गोल कानस मारा.

चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, ही ३ मिमी जाडीची साधी प्लेट, त्यात फार डोकं घालू नका. प्रिंटरची सेटिंग: पीएलए प्लास्टिक, ०.२ मिमी लेयर, २० टक्के इनफिल (आतला भराव), नोझल २०० ते २१० डिग्री, बेड ६०. तिसऱ्या चाकाऐवजी काचेची गोटी वापरा, गोटी मोजायची आणि कप अर्धा मिमी मोठा काढायचा, वर कडा किंचित आत वळवली की गोटी पडत नाही. नुसतं प्लास्टिकचं चाक फरशीवर घसरतं, पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणा आणि पट्टी कापून चाकावर चढवा, पकड लगेच जाणवेल.

पावसाळ्यात फिलामेंट, म्हणजे प्रिंटरची प्लास्टिकची तार, दमट होतं, नोझलमधून चटचट आवाज येतो आणि प्रिंटला केस सुटतात, तेव्हा रोल सिलिका जेल टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि एप्रिल-मेमध्ये तयार रोबोट उन्हात उभ्या केलेल्या गाडीत विसरू नका, पीएलए ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं.

आता वायरिंग. दोन सेल सिरीजमध्ये म्हणजे ७.४ व्होल्ट, ते स्विचमधून ड्रायव्हरला आणि नॅनोच्या व्हीआयएन पिनला (बॅटरी जोडायची पिन). एल२९८एन स्वतःच साधारण २ व्होल्ट खातो, मोटरला साडेपाचच्या आसपास मिळतात, बीओ मोटरला तेवढे बरोबर. बॅटरीचा मायनस, ड्रायव्हरचा ग्राउंड, नॅनोचा ग्राउंड आणि सेन्सरचा ग्राउंड, चारही एकत्र जोडलेच पाहिजेत, नाहीतर मोटर मनात येईल तशी फिरते आणि माणूस उगाच कोडमध्ये चूक शोधत बसतो. सेलवर थेट सोल्डर मारू नका, होल्डरच वापरा, आणि चार्जिंग लिथियम सेलच्या चार्जरवरच करा.

ड्रायव्हरवरच्या ईएनए आणि ईएनबी या स्पीडच्या पिनांवरच्या टोप्या (जंपर) काढा आणि त्या पिना नॅनोच्या ५ आणि ६ ला जोडा, म्हणजे स्पीड कमी-जास्त करता येतो. ९ आणि १० मोकळ्या ठेवा कारण पुढं सर्व्हो (ठरावीक कोनात वळणारी मोटर) लावलात तर सर्व्होची लायब्ररी (तयार कोड) त्या दोन पिनांचा पीडब्ल्यूएम, म्हणजे स्पीड कमी-जास्त करायची सोय, बंद करते.

कोड टप्प्याटप्प्यानं लिहा. आधी गाडी उलटी ठेवून, चाकं हवेत, एकेक मोटर फिरवा, उलटी फिरली तर त्या मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करा. मग एकटा सेन्सर तपासा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, जाऊन परत येतो, म्हणून इकोचे, म्हणजे आवाज परत यायला लागलेले, मायक्रोसेकंद भागिले ५८ केले की अंतर सेंटिमीटरमध्ये मिळतं, मोजपट्टी लावून खात्री करा. शेवटी दोन्ही जोडा: अंतर २० सेंमीपेक्षा कमी झालं की थांब, थोडं मागं ये, एक मोटर पुढं एक मागं करून वळ, परत चाल. पडदा किंवा सोफ्याचं कापड आवाज शोषून घेतं, त्यामुळं पहिली टेस्ट भिंतीसमोर घ्या.