ग्वा शा असो की काशाची वाटी, चेहऱ्यावर हात हलकाच हवा

मराठवाड्यात उन्हाळ्यात तळपायाला तेल किंवा तूप लावून काशाची वाटी घासायची पद्धत जुनीच. तळपायाची कातडी जाड, तिथं जोर चालतो. तोच जोर घेऊन वाटी, जेड रोलर (दांड्याला लावलेला जेड दगडाचा छोटा लाटण्यासारखा रोलर) किंवा ग्वा शाचा, म्हणजे कातडीवर घासून करायच्या चिनी मालिशचा चपटा दगड चेहऱ्यावर फिरवला की नुकसान होतं.

गाल वर ओढले की चेहरा उचलला जातो, असं पार्लरमध्ये वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. आता त्वचेचं काम करणारे अनेक जण हे सांगायचं थांबलेत, आणि ते बरंच झालं. मालिशने सैल पडलेली कातडी घट्ट होत नाही. साचलेलं पाणी सरकून सकाळची सूज उतरते, तीही काही तासांपुरती. रक्तप्रवाहही थोडा वेळ वाढतो; जपानमधल्या एका छोट्या अभ्यासात ५ मिनिटं रोलर फिरवल्यावर तो निदान १० मिनिटं वाढलेला दिसला. साचलेलं पाणी वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्या कातडीच्या अगदी खाली असतात, जोर दिला की त्याच दबतात.

आधी चेहरा धुवा. मग करडईच्या तेलाचे ४-५ थेंब तळहातावर चोळून चेहरा-मानेला लावा. खोबरेल तेलाने पुष्कळांची रंध्रं बुजतात, पुरळ येणाऱ्यांनी ते टाळावं. साधन अडखळलं की आणखी एक थेंब घ्या. कोरडं कधीच ओढू नका.

सुरुवात गालापासून नाही, गळ्यापासून. गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या (कॉलरबोन) वरच्या खळगीत बोटांनी ५ वेळा अलगद दाबून सोडा. मग कानाखालून त्या खळगीपर्यंत मानेच्या कडेने खाली ५ वेळा. खालची वाट मोकळी नसेल तर वरून आणलेलं पाणी जाणार कुठं? एका वेळी एकच बाजू घ्या, दोन्हीकडून मान दाबू नका. त्यानंतर हनुवटीपासून कानाकडे, नाकाच्या कडेपासून कानाकडे, कपाळाच्या मधून कानशिलाकडे, प्रत्येकी ५ वेळा. दगड जवळजवळ आडवा धरा, कडा रुतू देऊ नका. डोळ्यांखाली साधनाचं स्वतःचं वजन पुरे. शेवटी पुन्हा मान वरून खाली. सगळं मिळून ५ मिनिटं, आठवड्यातून २-३ वेळा, शक्यतो रात्री.

हलकी लाली १०-१५ मिनिटांत जायला हवी. लाल-जांभळे ठिपके उठले तर जोर जास्त झाला. अंगावरच्या पारंपरिक ग्वा शात ते मुद्दाम उठवतात, चेहऱ्यावर ते नकोत. आपल्या सावळ्या कातडीवर जोरात घासलेल्या जागी काळे डाग पडू शकतात आणि महिनोन्‌महिने राहतात. म्हणून वांग असलेल्या जागी साधन फिरवूच नका.

काशाच्या वाटीने चेहरा करडा-हिरवट झाला की ‘विष निघालं’ म्हणतात. ते विष नाही. काशात जवळपास ७८ टक्के तांबं असतं. घाम, तेल आणि कातडीचा आम्लपणा यांच्याशी त्याची क्रिया होऊन तो रंग येतो. धुतलं की जातो.

पिकलेली पुटकुळी, नागीण, इसब, उन्हाने भाजलेली कातडी असेल तर थांबा. फिलर किंवा बोटॉक्सचं इंजेक्शन घेतलं असेल तर ज्या डॉक्टरांनी दिलं त्यांनाच विचारा. गोरं होण्यासाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेली स्टेरॉइडची क्रीम महिनोन्‌महिने लावणाऱ्यांची कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, उन्हात चेहरा जळजळतो. त्यांनी साधन बाजूला ठेवून आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. आणि सुयांचा डर्मारोलर ही वेगळीच वस्तू आहे, जेड रोलर समजून ती घेऊ नका.

वापर झाला की साबणाने धुवा आणि लगेच पुसून कोरडं करा. बोअरचं जड पाणी तसंच वाळू दिलं तर क्षारांचा खरखरीत थर बसतो, तो पुढच्या वेळी चेहऱ्याला ओरखडे काढतो. दगडाला टवका गेला असेल तर टाकून द्या. मे महिन्यात फ्रिजच्या खालच्या कप्प्यात १० मिनिटं ठेवलं तर छान गार होतं. बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नका. पार्लरसाठी स्टीलचं साधन उत्तम: धुवून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतं. रोलरच्या दांड्याच्या फटीत तेल-मळ अडकतो, तिथवर कापड पोचतच नाही.