इलेक्ट्रिक रेसकार बनवताय? १२ व्होल्टच्या वायरिंगमध्ये या चुका टाळा

आपल्या नागपुरात फॉर्म्युला स्टुडंटची (इंजिनिअरिंगच्या पोरांनी स्वतः रेसकार बनवून उतरायची स्पर्धा) ईव्ही बनवणाऱ्या कॉलेजच्या वर्कशॉपात डोकावून बघा, सगळे पोट्टे बॅटरी पॅकभोवती गोळा झालेले आणि कोपऱ्यात एखादा सेकंड इयरवाला एकटाच १२ व्होल्टचं हार्नेस (वायरींचा जुडगा) बांधून राहिला असतो. घोळ तिथंच होतो. नियमात ६०० व्होल्टपर्यंत परवानगी आहे त्यामुळं हाय व्होल्टेजला सगळे टरकून असतात, ग्लोव्हज घालतात, चारदा तपासतात, अन् १२ व्होल्टला कोणी भीक घालत नाही. आमची गाडी पहिल्या वर्षी स्पर्धेसाठी कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवेवर पोचली आणि इन्स्पेक्शनमध्येच बसून राहिली, कशामुळं तर सीटमागच्या एका ढिल्या पिनमुळं. ती पिन मीच बसवली होती, जाऊ द्या.

तर पहिली चूक क्रिम्पिंगची, म्हणजे तारेच्या टोकावर लग (टर्मिनल) दाबून बसवायची. पक्कडीनं लग दाबायचा आणि मन भरत नाही म्हणून वरून सोल्डर ओतायचं. सोल्डर जिथं संपतं तिथं तार कडक होते आणि व्हायब्रेशननं नेमकी तिथंच तुटते, वरून इन्सुलेशन शाबूत असल्यामुळं दिसतही नाही. टर्मिनलला जुळणारं क्रिम्पिंग टूल घ्या, सीताबर्डीत फिरा नाहीतर ऑनलाइन मागवा, आणि प्रत्येक क्रिम्प हातानं ओढून बघा.

शटडाउन सर्किट म्हणजे काही गडबड झाली की हाय व्होल्टेज तोडणारी १२ व्होल्टची साखळी. ती कुठं उघडी पडली (तुटली) की लोक काय करतात, दिसेल तो कनेक्टर काढून परत लावतात, मग गाडी आपोआप चालू होते आणि कोणालाच कळत नाही काय झालं होतं. अशी "बरी झालेली" गाडी ट्रॅकवर पुन्हा बंद पडते. या साखळीत इमर्जन्सी बटणं, आयएमडी (इन्सुलेशनवर नजर ठेवणारं यंत्र), बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारं), बीएसपीडी (ब्रेक आणि मोटरची पॉवर एकदम आली तर बंद करणारं) सगळे सिरीजमध्ये असतात, एक जरी उघडलं तरी पॅकमधले कॉन्टॅक्टर (हाय व्होल्टेजचे मोठे रिले) सुटतात. ट्रॅक्शन बॅटरी (मोटरला वीज देणारा हाय व्होल्टेज पॅक) वेगळी करा, फक्त १२ व्होल्ट चालू ठेवा, मीटरची काळी प्रोब ग्राउंडला आणि लाल प्रोब एकेका पॉइंटवर पुढं नेत जा. जिथं १२ चे शून्य झाले, त्याच्या आणि आधीच्या पॉइंटच्या मध्येच बिघाड आहे. टेस्ट पॉइंट आधीच बाहेर काढून ठेवले असतील तर हे पाच मिनिटांचं काम आहे, नसतील तर अख्खी बॉडी उतरवा.

इन्व्हर्टर (बॅटरीची डीसी मोटरसाठी एसी करणारा) चालू केला की कॅनवरचा, म्हणजे गाडीतले कंट्रोलर ज्या दोन तारांवर (हाय आणि लो) एकमेकांशी बोलतात तिथला, डेटा गायब होतो? सॉफ्टवेअरवाल्याला शिव्या देण्याआधी पॉवर बंद करून कॅन हाय आणि लोमधला रेझिस्टन्स मोजा. दोन्ही टोकांना १२० चा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून ६० ओहमच्या आसपास यायला पाहिजे. १२० आला तर एका टोकाचा टर्मिनेशन रेझिस्टर नाही, ४० आला तर कोणीतरी तिसरा लावून ठेवलाय. ६० बरोबर असूनही त्रास असेल तर वायर पिळलेली आहे का आणि मोटरच्या फेज केबलला चिकटून तर गेली नाही ना ते बघा.

प्रीचार्ज म्हणजे इन्व्हर्टरचे कपॅसिटर आधी एका रेझिस्टरमधून हळूहळू भरणं. तो रेझिस्टर "मागच्या टीमचा पडला होता" म्हणून लावू नका बाप्पा. ४०० व्होल्ट, ५०० मायक्रोफॅरड आणि १ किलोओहम धरा, ९५ टक्के चार्ज व्हायला साधारण दीड सेकंद लागतो, आणि पहिल्या क्षणाला त्या रेझिस्टरवर १६० वॉट पडतात. कपॅसिटर भरण्याआधीच रेझिस्टरला वगळून थेट जोडणारा दुसरा कॉन्टॅक्टर लागला तर कॉन्टॅक्ट वेल्ड होतात. त्यातून प्रीचार्ज चालू असतानाच डीसी-डीसी कन्व्हर्टर (हाय व्होल्टेजमधून १२ व्होल्ट बनवणारा) लोड घेत असेल तर व्होल्टेज ९५ टक्क्यांपर्यंत चढतच नाही आणि रेझिस्टर भाजत बसतो.

गर्मीबद्दल एकच. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या घरात असतो, सेलची मर्यादा ६० ची, मग दुपारी टेस्टिंग केलं तर हातात राहतात फक्त १५ डिग्री. एका टीमनं याच आकड्यांवरून कूलिंग फेल समजून दोन पंखे वाढवले आणि वजन वाढवून बसले. स्पर्धा जानेवारीत असते राजेहो! मे मध्ये टेस्ट करायचीच असेल तर पहाटे करा.

आता रेन टेस्ट, म्हणजे स्पर्धेतली पावसाची चाचणी. गाडीवर १२० सेकंद पाणी मारतात, मग आणखी १२० सेकंद थांबतात, आणि तेवढ्यात आयएमडी ट्रिप झाला की फेल. इन्सुलेशनची मर्यादा ५०० ओहम प्रति व्होल्ट, म्हणजे ४०० व्होल्टच्या गाडीला २ लाख ओहम. लोक आदल्या रात्री सिलिकॉन थापत बसतात. त्यापेक्षा दिवाळीनंतर कोणाच्या तरी गावाकडून कपाशीवर फवारायचा पंप आणा, नीट धुऊन बरं का, त्यात औषध असतं. पॅक उतरवून ठेवा, इन्व्हर्टर डिस्चार्ज झाला याची मीटरनं खात्री करा, मग सगळीकडून फवारा आणि मेगरनं (इन्सुलेशन मोजायचा मीटर) चेसिसशी इन्सुलेशन मोजा. मेगरचं व्होल्टेज इन्व्हर्टरला चालतं का ते आधी मॅन्युअलमध्ये बघा. कमी आलं तर मोटर, इन्व्हर्टर, केबल एकेक करून सोडवत जा, ज्याला काढल्यावर आकडा वर उडाला तोच चोर. आमच्याकडं तो फेज केबलचा ग्लँड (केबल आत जाते तिथली पाणी अडवणारी चकती-नट) निघाला, अर्धाच आवळलेला.